माडीचा ओळंबा कोणी उतरवायचा

पाहुणे, दार सताड उघडे असूनही या नव्या घरात कोणीच का शिरत नाही, सांगता येईल तुम्हाला? चौकटीत दोरीला लोंबणारे ते लोखंड पाहा. तो गवंड्याचा ओळंबा. भिंत सरळ आली की नाही, ते त्यावरून कळते. आमच्या माळवेळी गावात ज्याची मजुरी अडली असेल, तो अमावास्येच्या आत चावडीवर सांगून ओळंबा दारात टांगतो. मग घर विकले काय किंवा दान दिले काय, तो खाली उतरेपर्यंत तिथे वास्तुशांत होत नाही, चूल पेटत नाही.

याचे मूळ पेठेतल्या दौलतशेटच्या माडीत आहे, असे सांगतात. लखमाजी गवंड्याने ती दोन वर्षे खपून बांधली. निम्मी मजुरी काम संपल्यावर द्यायची बोली होती. काम संपले आणि दौलतशेटने माडी गंगाधर कासाराला विकून टाकली. लखमाजी पैसे मागायला गेला, तर शेट म्हणाला, "माडी आता माझी कुठंय? मालकाला विचार."

कासार म्हणाला, "बाबा, मी तुला एक वीट तरी लावायला सांगितली होती का?"

लखमाजीला काही सुचेना. दगड उपसून न्यावेत तर चोर ठरणार, गप्प बसावे तर हाताखालची पंधरा माणसे उपाशी. दिवसभर तो माडीभोवती येरझारा घालत राहिला. शेवटी चावडीवर जाऊन म्हणाला, "ओळंबा उतरला की काम संपलं, ही आम्हा गवंड्यांची रीत. मी तो पुन्हा चढवतोय. माडी अजून माझ्या हातातली आहे." पाटलांनी ते मान्य केले. गवंड्याने न सोडलेल्या घरात देव बसवायचे तरी कसे?

इकडे कासाराच्या मुलीचे लग्न आठ दिवसांवर आले होते, आणि ते याच माडीत व्हायचे होते. तो कोयता घेऊन दोरी कापायला धावला, पण दारातच थबकला. वारा नव्हता, झाडाचे पान हलत नव्हते, आणि ओळंबा मात्र झुलत होता, म्हणे. इकडून तिकडे, तिकडून इकडे. सगळ्या पेठेला स्वस्थता उरली नाही. दुकानदारांची मापे चुकू लागली. पाण्याला निघालेल्या बायका वळून वळून पाहत. तिसऱ्या दिवशी कासारच दौलतशेटच्या दारात उभा राहिला. "आधी गवंड्याचं दे, नाहीतर माझे रुपये परत कर!" शेटने चडफडत सगळी रक्कम दिली.

लखमाजीने माणसांची मजुरी वाटली आणि तो हसत ओळंबा उतरवायला आला. त्याने लोखंड मुठीत धरले, सोडले; ते पुन्हा झुलू लागले.

"शेट, अजून काय दाबून ठेवलंय?" लोक ओरडले.

"पै न् पै दिलीय! त्यालाच विचारा की."

तेव्हा गर्दीतून भिवरा लोणारीण पुढे आली. माडीचा सगळा चुना तिने भाजला होता, तिच्याच बैलांनी तो चुन्याच्या घाणीत मळला होता. ती हळूच म्हणाली, "लखमाजीदादा, शेटनं दिलं की देतो, म्हणाला होतास. आता दिलं ना त्यानं?"

लखमाजीची मान खाली गेली. सुतार, हमाल, पाणके सगळे त्याला आठवले होते. चुना भिंतीच्या पोटात गेलेला, तो त्याच्या ध्यानातच राहिला नव्हता.

"विसरलो गं बाई."

"तुझी मजुरी बरी नाही विसरलास! तिच्यापायी आख्खी पेठ जागी ठेवलीस."

आजही आमच्याकडे ओळंबा मालक उतरवत नाही आणि गवंडीही उतरवत नाही. त्या घरासाठी राबलेल्यांत ज्याला सगळ्यात शेवटी पैसे मिळाले, त्याला हाताला धरून दारात आणतात.

त्या दिवशी वाटप होऊन लखमाजीजवळ भिवराला पुरेल इतके उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घरची गाय विकून भिवराचे पैसे चुकते केले, आणि तिने चुन्याने फाटलेल्या हातांनी ओळंबा खाली उतरवला.