केळुसकर बाईंच्या नाकातला जंतू

“आणि औषध न दिलेले उंदीर?” केळुसकर बाईंनी विचारलं.

“ते मेले, बाई.”

“कधी?”

“मरायचे तेव्हा.”

“तसं नाही विचारत. औषध दिलेले उंदीर जगले, ते या महिन्यात. न दिलेले मेले, ते कधी?”

शार्दूल हिरेमठने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

“दोन वर्षांपूर्वी. पण त्याने काय बिघडतं? जंतू तोच आहे. मारणारच.”



छातीच्या इस्पितळामागे बसक्या कौलारू इमारतीत ही प्रयोगशाळा होती. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी संस्थेने त्यांची खुर्ची हलवली नव्हती, कारण ‘उठा’ म्हणायला कोण जाणार, हे अजून ठरायचं होतं. तरुणपणी क्षयाने त्यांचं डावं फुप्फुस निकामी केलं होतं. उरलेल्या एका फुप्फुसावर त्यांनी तीन संचालक निवृत्त होताना पाहिले होते.

शार्दूल त्यांचा शेवटचा विद्यार्थी. हुशार होता, आणि ही बातमी त्याच्यापासून कोणी लपवून ठेवली नव्हती.

न्यूमोनियाच्या जंतूला ठार न करता त्याची मारण्याची ताकदच काढून घ्यायची, असं औषध त्याने शोधलं होतं. जंतू जिवंत राहील, पण दात पडलेल्या वाघासारखा. औषध दिलेले उंदीर पिंजऱ्यात मजेत चाक फिरवत होते. औषध न देता पुन्हा काही उंदीर मारून पाहणं शार्दूलला क्रूरपणाचं वाटलं होतं. ठाऊक असलेली गोष्ट किती वेळा ठाऊक करून घ्यायची? ही भूतदया त्याने अहवालात स्वतंत्र परिच्छेद करून मांडली होती.

सोमवारी मंत्री येणार होते. औषधाची घोषणा व्हायची होती आणि पुढच्या महिन्यापासून ते वॉर्डातल्या रुग्णांना द्यायचं होतं. अडलं होतं ते मार्गदर्शक म्हणून लागणाऱ्या बाईंच्या सहीवर.

“सही करा, बाई.”

“तुझा जंतू आण आधी.”

त्याने इन्क्युबेटरमधून काचेची बशी आणली. रक्त मिसळलेल्या लालभडक थरावर जंतूंचे ठिपके उठले होते.

बाईंनी बशी उजेडात तिरपी धरली.

“चमक कुठे गेली रे यांची?”

“कसली चमक?”

“अंगावर कवच असलं की हे ठिपके ओल्या मोत्यासारखे चमकतात. हे तर वाळूसारखे कोरडे दिसतायत.”

“मी रोज बघतो, बाई. मला काही फरक दिसत नाही.”

“रोज बघतोस म्हणूनच... जेवायला काय घालतोस यांना?”

“उत्तम रक्त. दर आठवड्याला नवी बशी. एकदाही खाडा नाही.” हे सांगताना त्याची मान ताठ झाली.

“माणसाच्या अंगात पांढऱ्या पेशी मारायला येतात यांना. बशीत कोणी येतं?”

“बशीत कोण येणार!”

“मग कवच कोणासाठी शिवायचं?”

शार्दूल हसला. “म्हणजे दोन वर्षं आयतं खाऊन माझा जंतू आधीच मवाळ झाला, आणि श्रेय मी माझ्या औषधाला देतोय, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी विचारतेय.”

“मग मी सांगतो. हा जंतू मारतो. आजही मारतो. माझ्यावर नाही तरी त्याच्यावर विश्वास ठेवा.”

“नक्की?”

“पैजेवर सांगतो.”

बाईंनी बशी त्याच्या हातात दिली आणि कापसाची काडी उचलली. बशीतल्या ठिपक्यांवरून फिरवली. तोंडावरचा मास्क खाली ओढला, काडी उजव्या नाकपुडीत घातली, मग डावीत, आणि तपकीर ओढावी तसा दीर्घ श्वास घेतला.

“बाई!”

शार्दूलच्या हातून बशी निसटता निसटता राहिली.

“ओरडू नकोस. उंदरांना असाच देतोस ना?”

“अहो, एकच फुप्फुस आहे तुम्हाला!”

“म्हणून तर निकाल लवकर लागेल.”

तो धावत आपल्या टेबलाकडे गेला आणि औषधाची बाटली घेऊन आला. 

“हे घ्या. आत्ता. लगेच.”

बाईंनी बाटली हातात घेतली. वरचं नाव वाचलं. त्यात हिरेमठ हा शब्द कुठेतरी बसवलेला होता.

“हे घेतलं आणि मी वाचले... तर मला कोणी वाचवलं?”

 

बाईंनी बाटली परत दिली. “पेनिसिलिन कपाटात आहे. ताप आला तर ते टोच. तोवर चहा सांग.”

दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या आधी येऊन दाराशी उभा राहिला. बाई आल्या.

“कसं वाटतंय?”

“तुझं औषध बरं नाही, तब्येत बरी आहे.”

तिसऱ्या दिवशी त्याने थर्मामीटर आणलं. बाईंनी ते तोंडात धरलं आणि वर्तमानपत्र वाचलं. ताप नव्हता. शार्दूलने सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास पुरता सुटलाच नाही. बाई ठणठणीत होत्या, म्हणजे त्याची दोन वर्षं पाण्यात चालली होती. बाई आजारी पडल्या असत्या, तर त्याचं नाव झालं असतं. देवळासमोरून जाताना हात जोडायची त्याची सवय होती. त्या संध्याकाळी हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. तो तसाच पुढे गेला.

चौथ्या दिवशी बाई पुडीतलं भडंग खात बसल्या होत्या. एकाएकी त्यांना खोकला आला. जोराचा. त्या टेबलाला धरून वाकल्या, डोळे लाल झाले.

शार्दूल कपाटाकडे झेपावला. सिरिंज भरली, वळला...

बाई पदराने डोळे पुसत होत्या. “मिरची. भडंगातली... ठेव ती सुई खाली.”

त्याने सुई ठेवली.

“मला ठसका लागला, तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघत होते मी,” बाई म्हणाल्या. “कपाटाकडे धावलास, ते नंतर. त्याच्या आधी काय झालं?”

त्याने सुईवर टोपण बसवलं. 

“आधी काय झालं, शार्दूल?”

“आनंद झाला,” तो म्हणाला. त्याने नजर खाली घातली नाही.

बाईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता, नवलही नव्हतं. भडंगाची पुडी त्यांनी त्याच्याकडे सरकवली.

तेवढ्यात संचालक राजोपाध्ये आत आले. हातात सोमवारच्या सत्काराची शाल होती. शालीचा रंग निवडायला संस्थेने समिती नेमली होती, आणि त्या वर्षी वेळेत काम संपवलेली ती एकमेव समिती होती.

“हिरेमठ, मंत्रिमहोदयांना घाई असते. तुम्ही दोनच मिनिटं बोलायचं.”

“मी एकच वाक्य बोलणार आहे, सर.”

“उत्तम! कोणतं?”

“या औषधाचा गुण सिद्ध झालेला नाही.”

राजोपाध्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई भडंगातले शेंगदाणे वेचत होत्या.

“हे वाक्य कार्यक्रमात बसत नाही,” राजोपाध्ये म्हणाले.

“मग मला कार्यक्रमातून काढा.”

“अहो, पत्रिका वाटल्यात! मंडप उभा राहिलाय!”

“मंडपात तुम्ही बोला. वॉर्डातल्या माणसांना ते औषध मी देऊ देणार नाही.”

“तुमची शिष्यवृत्ती माझ्या सहीने चालते, हे लक्षात आहे ना?”

“आहे.”

“ती बंद पडेल.”

“पडू दे.”

“आणि या शालीचं काय करू मी?”

“गारठा आहे, सर. पांघरा.”

राजोपाध्ये दाराशी जाऊन थांबले. मागून कोणीतरी हाक मारेल, असं त्यांना वाटलं असावं. कोणी मारली नाही.

त्यांची पावलं दूर गेली. बाईंनी पुडीचा कागद चुरगळून टोपलीत टाकला.

“झालं?” त्यांनी विचारलं. “मेलं ना तुझं औषध?”

शार्दूल ताडकन उठला. “औषध नाही मेलं, बाई. पुरावा मेला. माझा जंतू भित्रा निघाला, त्यात औषधाचा काय दोष? ते खोटं आहे, असंही तुम्ही सिद्ध केलेलं नाही.”

“उलट बोलतोस मला?”

“बोलतो. खरा मारणारा जंतू द्या मला. या वेळी दोन्ही बाजूंचे उंदीर एकाच दिवशी ठेवतो. हरलो तर तोंडाने सांगेन, हरलो म्हणून. पण आज नाही हरलो.”



बाई उठल्या आणि इस्पितळाच्या बाजूचं दार उघडून वॉर्डात गेल्या. परत आल्या तेव्हा हातात झाकण लावलेली थुंकीची डबी होती. आज सकाळीच दाखल झालेल्या, न्यूमोनियाने धाप लागलेल्या एका गवंड्याची.

शार्दूलने दोन्ही हात पुढे केले. बाईंनी डबी दिली, पण लगेच सोडली नाही.

“मास्क नीट बांध,” त्या म्हणाल्या. “हा जंतू अजून कोणाचा शिष्य झालेला नाही.”