मुठीतली माती

“पण खणलेली माती टाकणार कुठं?” हरिगीर महाराजांनी विचारलं.

“दूर,” मनोहरगीर म्हणाला.

मनोहरगीर त्यांचा सगळ्यात हुशार चेला, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

मठाला एका बंद पडलेल्या रंगकारखान्याची जमीन दान मिळाली होती. माती विषारी निघाली. विष झिरपून शेजारच्या विहिरीत उतरलं होतं, आणि ते पाणी पिऊन वस्तीतली लेकरं आजारी पडत होती. त्यांच्याकडे बघून जीव तुटायचा.

जमिनीचा निर्णय सांगायचा तर तिथली माती मुठीत घेऊन सांगायचा, ही मठाची रीत. मनोहरगीर मूठ आवळून उभा होता.

“उद्याच गाड्या बोलावतो, महाराज. महिन्याभरात जमीन साफ.”

“दूर म्हणजे?”

“टेकडीपलीकडच्या दगडखाणीत. ओसाड आहे.”

“धनगरांची मेंढरं तिथंच पाणी पितात... आणि गाड्या वस्तीतूनच जाणार ना? धूळ कुणाच्या नाकात?”

मनोहरगीरचा चेहरा उतरला. पण लगेच हार मानेल तर तो मनोहरगीर कसला!

“मग खणायचंच नाही. झाडं लावू. वीस वर्षांत मुळं विष ओढून घेतील. कुणाला त्रास नाही.”

“आणि वीस वर्षं लेकरांनी काय प्यायचं?”

“हेही नको, तेही नको. मग करू तरी काय?” त्याचा आवाज चढला.

महाराज रागावले नाहीत.

“आधी ती मूठभर माती टाकून ये.”

मनोहरगीर कुंपणाशी गेला. पलीकडे मेथीचे वाफे होते. ओढ्याकडे वळला. तिथं बायका धुणं धूत होत्या. बराच वेळ तो नुसताच इकडून तिकडे फिरला. शेवटी खाली मान घालून परत आला. मूठ तशीच.

“जागा सापडली नाही, महाराज.”

“उघड.”

त्यानं मूठ उघडली. घामानं माती भिजली होती. तळव्यावर जांभळा डाग पडला होता आणि कातडी चुरचुरत होती. तो घाबरला. त्यानं माती जवळच्या करवंटीत झाडली आणि पाण्याच्या घागरीकडे धावला.

महाराजांनी स्वतः उठून घागर कलती केली.

“धू, लगेच धू,” ते म्हणाले. “फक्त ते पाणी कुठं जाईल, तेवढं आधी सांग.”