टिळ्याचे मासे आणि धुरपाची दवंडी

आज मी गोष्ट सांगणारच नव्हते. सकाळी दारात सगुणा भोईण टोपली घेऊन उभी होती, आणि आमचे मुकुंदराव तिच्या तोंडावर म्हणाले, ‘किती बारीक मासे आहेत, फसवतेस तू आम्हाला.’ अख्ख्या आळीनं ऐकलं. ती टोपली उचलून चालती झाली. तेव्हापासून माझ्या मस्तकात तिडीक गेलीय ती अजून उतरली नाही. पाय धुतलेत ना? मग या गोधडीत. शकू, तू इकडे. मुकुंदा, तू तिकडे, आणि आज मधे बोलायचं नाही.

एक होता राजा. त्याचं नाव मी सांगत नाही, लक्षात ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. राजा अंगानं चांगला गोल होता, आणि जे जे गोल ते ते राजेशाही असं त्यानं आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याच्या वाड्यामागे एक तळं होतं. तळ्यात मासे होते, तेही पुरीसारखे गोल. प्रत्येकाच्या कपाळावर एक पिवळा टिळा, हळदीचं बोट टेकवल्यासारखा. असा टिळा दुसऱ्या कुठल्याच माशाला नव्हता, बरं का. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकदा काय झालं, राजा डोंगरावरच्या देवीच्या जत्रेला निघाला. वाटेत मोठा धबधबा होता. धबधब्याच्या वर ओढा, पण त्या ओढ्यात मासा म्हणून नाही. एवढा कडा चढून मासा वर जाणार कसा? राजाला राग आला. माझ्या राज्यातलं पाणी आणि ते रिकामं? आता हा काय राग येण्याचा विषय आहे? पण राजेच ते.

मग त्यानं धुरपा भोइणीला बोलावलं. धबधब्याखाली नदीकाठी भोयांची वस्ती होती, तिथली ही. राजा म्हणाला, ‘माझ्या तळ्यातले मासे वर नेऊन सोड. त्यांची राखण तुझ्याकडे. एक जरी मासा विकलास तर याद राख.’ मग धुरपानं घागरीत मासे घेतले, घागर डोक्यावर ठेवली आणि कडा चढली. किती खेपा केल्या ते तिचं तिला ठाऊक. थोडे मासे तिनं कड्यावरच्या डोहात सोडले, थोडे मधल्या वाहत्या पाण्यात आणि थोडे अगदी वर, जिथे ओढा दगडांतून खळाळत उड्या मारत येतो तिथे. आणि मग वर्षानुवर्षं राखण केली. स्वतःच्या कालवणात मासा कमी आणि पाणी जास्त झालं असेल, पण तिनं त्या माशांना कधी हात लावला नाही.

मग राजा म्हातारा झाला आणि पुन्हा जत्रेला गेला. वाट वरच्या खळाळातून जायची, म्हणून शिपायांनी तिथलेच चार मासे उपरण्यात धरून त्याला दाखवले. राजा धुरपाला म्हणाला, ‘रोडावलेत की हे. यांच्यासाठी वाड्यातून भाताचे गोळे येतात, ते तूच खात असशील.’ धुरपानं देवीची शपथ घेतली. राजानं हसून मान फिरवली, त्याच्याबरोबर शिपाईही हसले. शपथेवर हसायचं असतं का हो?

मग तो राजा गेला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. तोही जत्रेला गेला. शिपायांनी तिथलेच मासे धरले. आता तर ते आणखी निमुळते झाले होते, चिंचेच्या आकड्यासारखे. हा राजा म्हणाला, ‘हे माझ्या बापाचे मासेच नव्हेत. म्हातारीनं राजमासे विकले आणि खालच्या नदीतले कसलेतरी आणून सोडले.’ धुरपा म्हणाली, ‘सरकार, कपाळावरचा टिळा तरी बघा.’ तर राजा म्हणतो, ‘हळद लावली असेल. घासा.’ शिपायांनी घासलं, टिळा जाईना. तर म्हणतो, ‘पक्का रंग असेल.’ ज्यानं आधीच चोर ठरवून टाकलंय, त्याला पुरावा दाखवायचा तरी कसा? मला सांगा ना.

आणि मग त्यानं दवंडी पिटवली. तीन गावांत ढोल वाजला. ‘धुरपा भोईण चोर आहे हो. तिच्या घरच्यांनी नदीत जाळं टाकायचं नाही हो.’ भोयाच्या घराला जाळं टाकायची बंदी म्हणजे काय, कळतंय का तुम्हाला? धुरपानं जाळं धुतलं, वाळवलं, घडी करून आढ्याला बांधून टाकलं. आणि लोकांच्या शेतावर निंदणी-खुरपणीला जाऊ लागली.

एक दिवस तिची लेक येसू चुलीपाशी बसली होती. तिनं हळूच विचारलं, ‘आये, खरं सांग. इकले व्हते का?’ धुरपानं तिच्याकडे पाहिलं. म्हणाली, ‘तू बी?’ एवढंच. पुढे फार दिवस ती जगली नाही.

शकू, डोळे पूस. अजून गोष्ट संपली नाही.

येसूला मुलगी झाली, मैना. मैना आजीसारखीच ताठ होती. पण तिला सगळे चोराची नात म्हणायचे. एकदा एका लग्नात ती पंगतीला बसली, पानात भात पडला, आणि वाढणाऱ्यानं तिला ओळखलं. म्हणाला, ‘ऊठ गं तू, तुझ्या आजीनं राजाचं खाल्लंय.’ भरल्या पानावरून उठवलं पोरीला. मैना उठली ती घरी गेलीच नाही. रागारागानं कडा चढून सरळ आसरांच्या डोहावर गेली.

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता, बरं का. त्या माणसाला आत ओढतात म्हणून, धुरपानं मासे सोडले तेवढेच, एरवी त्या डोहाकडे कुणी फिरकत नसे. राजाचे शिपाईसुद्धा तिकडे टरकून असत. मैना म्हणाली, ‘आसरा वढून वढून किती वढतील? माणसांनी काय कमी वढलंय?’ आणि पाण्यात पाय सोडून बसली. पदराला भाकरीचा तुकडा होता, तो कुस्करून तिनं पाण्यावर टाकला.

मग पाण्याखालून एक मासा वर आला. पुरीसारखा गोल. कपाळावर पिवळा टिळा. त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा, सगळे गोल, सगळे टिळ्याचे. आजीनं सोडलेले मासे तिथेच होते. पिढ्यानपिढ्या तिथेच नांदत होते आणि कुणी येऊन पाहिलंच नव्हतं. मैना रडली. आणि मग तिला पहिल्यापेक्षा दुप्पट राग आला.

ती बघत बसली. तेवढ्यात वरून वाहत एक बारीक मासा डोहात आला. डोहात एक मोठा पाणसाप राहायचा, त्यानं जबडा उघडला आणि त्याला गिळून टाकलं. मग एका गोल माशाकडे वळला. पुन्हा जबडा उघडला, पण मासा काही तोंडात मावेना. पाणसाप कंटाळून निघून गेला. म्हणजे बघा, ते गोल पोट काही राजेपणाचं नव्हतं. पाणसापाच्या घशात न मावण्यासाठी होतं. राजाला कुणी सांगायला हवं होतं हे.

मग मैना पाण्याच्या कडेकडेनं वर चालू लागली. मध्यावर पदर लावून मासा धरला, तो ना गोल, ना बारीक. टिळा तोच. वरच्या खळाळात धरला, तो चिंचेचा आकडा. टिळा तोच. तिच्या डोळ्यांदेखत तिथल्या एका जरा रुंद पिल्लाला पाण्यानं उचललं आणि आडवं करून खाली लोटून दिलं. बारीक पिल्लं दोन दगडांच्या फटीत तोंड खुपसून टिकून राहिली.

आता मला सांगा, तुम्ही दोघं एकाच आईची लेकरं ना? मग नाकं सारखी आहेत का? नाहीत. तसंच माशांचं. एका विणीतली पिल्लं सारखी नसतात. कुणी तसूभर रुंद, कुणी तसूभर निमुळतं. मग खळाळाला पूर यायचा. रुंद होती ती वाहून खाली जायची, निमुळती मागे उरायची. मग त्यांना पिल्लं व्हायची, ती आईबापांवर जायची. त्यांच्यात पुन्हा कुणी रुंद, कुणी निमुळतं. मग पुन्हा पूर. कुणा माशानं श्वास रोखून पोट आत नाही ओढलं. कुणा देवानं शाप नाही दिला. आणि कुणी चोरी तर मुळीच नाही केली. जी टिकली त्यांचीच पोरं-नातवंडं पुढे दिसली, एवढंच. आणि त्यापायी एका बाईचं नाव मातीत घातलं.

मग मैनानं तीन घागरी भरल्या. एकीत डोहातला मासा, एकीत मधला, एकीत वरचा. एकावर एक डोक्यावर ठेवल्या आणि निघाली थेट दरबारात. तोवर तिसरा राजा गादीवर आला होता, पहिल्याचा नातू. एकीकडे आजोबाचा नातू आणि समोर आजीची नात.

मैना म्हणाली, ‘तीन पराती द्या.’ पराती आल्या. तिनं एकेक मासा एकेका परातीत सोडला. ‘आता तळ्यातला तुमचा मासा आणा आन् शेजारी ठेवा.’ तोही आणला. राजा वाकून पाहू लागला. तळ्यातला आणि डोहातला, जुळे भाऊ. मग मधला. मग वरचा. रुंद, कमी रुंद, निमुळता. आणि सगळ्यांच्या कपाळावर तोच टिळा.

मैना म्हणाली, ‘पोट पाण्यानं नेलं, सरकार. टिळ्याला पाण्याची आडकाठी नव्हती, त्यो ऱ्हायला.’

राजा परातींवरून सरळ झाला. माणूस वाईट नव्हता, पण राजाच तो. तिला जवळ बोलावून हळूच म्हणाला, ‘झाली असेल चूक वडिलांची. उद्यापासून जाळं टाका. ही साडी घे आणि जा.’

मैनानं साडीला हात लावला नाही. ती म्हणाली, ‘चोर म्हनताना ढोल वाजवला. आन् आता कानात सांगता?’

राजा म्हणाला, ‘अगं, पण धुरपा तर गेली. आता तिला कुठे ऐकू जाणार?’

मैना म्हणाली, ‘तिला चोर म्हनलेलं ज्यांनी ऐकलं, ते समदे हायेत अजून.’

राजाची मान खाली गेली. मग त्यानं ढोलवाल्याला बोलावलं. तोच ढोल आणि तीच तीन गावं. ‘धुरपा भोईण चोर नव्हती हो. तिनं राजाचा एकही मासा विकला नाही हो. राजाची चूक झाली हो.’ पंगतीतून उठवणाऱ्यानं ऐकलं. शपथेवर हसणाऱ्यांच्या पोराबाळांनी ऐकलं. शेवटी ढोल भोयांच्या वस्तीत आला. येसू अंगणात धान पाखडत होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलं. ती म्हणाली, ‘म्या बी इचारलं व्हतं तिला. म्या बी.’ मैनानं आढ्यावरचं जाळं सोडलं, झटकलं आणि आईच्या हातात दिलं.

मग दोघी नदीवर गेल्या. जाळं पाण्यात पडलं. त्या दिवशी वस्तीत घरोघरी कालवण शिजलं. पुढे मायलेकी सुखानं राहिल्या. डोहातले मासे गोल राहिले, खळाळातले बारीक राहिले, आणि कुणी त्यांना त्यावरून बोललं नाही.

झोपलास की सोंग घेतलंयस, मुकुंदा? सगुणा मासे आणते ती वरच्या ओढ्यातून. तिथले मासे बारीकच असणार. उद्या ती येईल तेव्हा दारात उभं राहायचं. माझ्या पदराआडून पुटपुटायचं नाही. आज जेवढ्या मोठ्यानं बोललास, तेवढ्याच मोठ्यानं बोलायचं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं.

हं. आता मीट डोळे.