दुसऱ्या तंगाची खिंड

हिंगणवाडीहून कोळसऱ्याला जाताना जिथे चढ संपतो आणि घसरणीचा उतार सुरू होतो, त्या खिंडीत डाव्या हाताला एक काळा दगड आहे. दगडावर डाव्या पावलाएवढा खळगा आहे. नवखे लोक तिथे फूल वाहतात, हात जोडतात. मग आमचे गेणूतात्या काठी टेकत पुढे येतात. "देवाचं नव्हं बाबांनो ते पाऊल. बापाचं हाय. बसा, सांगतो."

फार पूर्वी, गाडीरस्ता नव्हता तेव्हा, हिंगणवाडीत रायाजी जीनगर नावाचा खोगिरं करणारा कारागीर राहत होता. त्याच्या खोगिराने कधी घोड्याची पाठ सोलली नाही, असे सांगतात. पण नुसते खोगीर चांगले असून भागत नाही. ते धरून ठेवतो तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा. आणि घोडा मोठा लबाड. तंग ओढताना तो श्वास भरून पोट फुगवतो. थोडे चालला की पोट बसते आणि पट्टा सैल पडतो. म्हणून रायाजी प्रत्येक स्वाराबरोबर खिंडीपर्यंत चालत जाई आणि उतार लागण्याआधी तंग पुन्हा ओढी. "पहिला तंग घोड्याच्या मर्जीचा, दुसरा आपल्या," असे तो म्हणे.

त्याला एकुलती एक मुलगी होती, बयजा. आईवेगळी वाढलेली. ती कोळसऱ्याच्या सटवाजीला दिली. रायाजीने वर्षभर खपून केलेले खोगीर जावयाला आहेर म्हणून पुढे ठेवले. व्याही थट्टेखोर. भर मांडवात म्हणाला, "अहो जीनगर, खोगीर दिलंत, घोडं कुठाय? का जावयाच्याच पाठीवर आवळायचं?"

सारा मांडव हसला. खाली मान घालून बयजाही हसली, म्हणे. रायाजीला तेच लागले. त्याने खोगीर उचलून खांद्यावर घेतले आणि शपथ वाहिली, "कोळसऱ्याच्या वाटेला माझं पाऊल पडायचं नाही."

दोन वर्षे पडले नाही. बयजाने तीनदा निरोप धाडला, "थट्टा होती आप्पा, या." तो गेला नाही.

मग एका सकाळी सटवाजी धावत आला. बयजा कालपासून अडली होती. परिसरात जाणती सुईण एकच, हिंगणवाडीची धोंडाई. पण तिचे पाय थकलेले, घोड्याशिवाय जाणे शक्य नव्हते.  रायाजीने आपली घोडी काढली आणि तेच परत आणलेले, कधी न वापरलेले खोगीर तिच्या पाठीवर घातले.

धोंडाई म्हणाली, "रायाजी, खिंडीपातुर येतोस न्हवं? तुझी घोडी लई पोट फुगवती."

"शपथ हाय, मावशे."

"लेक अडलीया, अन् तू मला शपथ सांगतोस?"

 रायाजीने घोडीच्या बरगडीला गुडघा लावून तंग असा ओढला की ती कण्हली. एकाच ओढीत दोन ओढींचे बळ घातले की झाले, असे त्याला वाटले. पण जेवढी ओढ जोराची, तेवढा घोडी श्वास भरून घेते. हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते?

सटवाजी येतानाच दमला होता, तो मागे पडला. धोंडाई एकटीच खिंडीत पोचली. खोगीर हलते आहे हे तिला कळले; पण उतरले तर पुन्हा वर कोण चढवणार? देवाचे नाव घेऊन तिने घोडी उताराला घातली. अर्ध्या उतारावर खोगीर फिरले. सटवाजी पोचला तेव्हा धोंडाई मोडलेल्या खुब्याने वाटेत पडली होती. त्याने तिला पाठीवर घेतले आणि तसाच कोळसऱ्यापर्यंत चालत गेला. पोचायला दुपार कलली. तोवर बयजा गेली होती. बाळही.

इकडे घोडी भटकत दिवस मावळता एकटीच घरी परतली. खोगीर तिच्या पोटाखाली लोंबत होते. त्यावर ओरखडादेखील नव्हता. ते पाहिले आणि रायाजीचे पाऊल त्या वाटेला पडले. तो अनवाणी धावत गेला, पण त्याला चितेचा धूरच दिसला.

तो घरी परतलाच नाही. या खिंडीत राहिला. येणाऱ्या प्रत्येक स्वाराला थांबवायचे, डावा पाय या दगडावर रोवायचा आणि तंग ओढायचा, एवढेच त्याने मरेपर्यंत केले. एकदा व्याही घोड्यावरून आला, म्हणे. त्यासाठी त्याने खास घोडा घेतला होता. तो मुकाट्याने उतरला. रायाजीने तंग ओढला.  व्याही पायीच, घोड्याचा लगाम हातात धरून उतार उतरला.

आजही, वाटेवर घोडे उरले नसले तरी, लोक खिंडीत गाडी थांबवतात आणि सामानाची दोरी पुन्हा आवळतात. सासरी निघालेल्या मुलीचा बाप इथवर चालत येतो. "रुसायचं ते खिंडीपल्याड," अशी आमच्याकडे म्हणच आहे. मी दूर शिकायला निघाले तेव्हा वडील महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. तरी ते जीपमागून इथपर्यंत आले, डावा पाय खळग्यात ठेवून टपावरच्या ट्रंकेची दोरी ओढली आणि न बोलता मागे फिरले. दोरी आधीच घट्ट होती.

गोष्ट संपली की तात्या खळग्यातली फुले काठीने हलकेच बाजूला सारतात. म्हणतात, "एकट्या रायाजीच्या पायानं दगूड एवढा झिजत न्हाई."