ऐकण्याचे वर्ष

एका संस्थानात एक नावाजलेली गायनशाळा होती. ती काढणाऱ्या अनंतबुवांनी एक रीत घालून दिली होती. नव्या विद्यार्थ्याने पहिले वर्षभर गायचे नाही. गाणाऱ्यांच्या मागे बसून तंबोरा छेडायचा आणि ऐकायचे.

अनंतबुवांच्या पश्चात त्यांचे शिष्य दामोदरबुवा शाळा चालवू लागले. मुलांचे आईबाप त्यांच्याकडे कुरकुर करत. एक सरदारीणबाई तर तोंडावर म्हणाल्या, "बुवा, वर्ष होत आलं, पोरगी नुसत्या तारा छेडतेय. पाहुण्यांपुढे तिला गायला सांगायचं कधी?"

बुवांना ते पटले. खरे सांगायचे तर मोठ्या शाळेचा मोह पडला. त्यांनी जुनी रीत मोडली. पहिल्या दिवसापासून गाणे, जोडीला सतार, पखवाज आणि नाच. शाळेत पाय ठेवायला जागा उरेना. बुवा हरखून गेले.

वर्धापनदिनाला महाराज आले. शाळेला 'राजगायनशाळा' हा किताब द्यायचे त्यांच्या मनात होते. बुवांनी उभा जन्म याच दिवसाची वाट पाहिली होती. सगळी मुले मिळून प्रार्थना गाऊ लागली. एकेकटे गोड वाटणारे गळे एकमेकांशी जुळेनात. तंबोऱ्याकडे कोणाचे कानच नव्हते. जो तो शेजाऱ्याच्या वर आवाज चढवत होता.

महाराजांना गाण्यातले फारसे कळत नसे. त्यांनी खूश होऊन टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या सभेने वाजवल्या.

"बुवा, किताब तुमचा!" महाराज म्हणाले.

गप्प बसले असते तर कोणाला कळणार होते? बुवांच्या मनात तेही येऊन गेले. मग ते हात जोडून उठले.

"महाराज, आज किताब नको. पोरं बेसूर गायली. दोष त्यांचा नाही, मी त्यांना ऐकायलाच शिकवलं नाही."

"पण आम्हाला तर आवडलं!"

"त्याचीच भीती वाटली, महाराज."

दुसऱ्या दिवसापासून जुनी रीत परत आली. निम्मी मुले शाळा सोडून गेली. बुवांना फार वाईट वाटले. पण उरलेल्या मुलांच्या ओळीत तेही तंबोरा घेऊन बसले.

वर्षाने महाराज पुन्हा आले. मूठभर मुलांनी तीच प्रार्थना म्हटली. सगळ्यांचा मिळून एकच सूर लागला. गाणे संपले तरी महाराज टाळ्या वाजवायचे विसरून बसून राहिले. किताबाची आठवण त्या दिवशी कोणालाच झाली नाही, बुवांनाही.

तात्पर्य: ज्याला ऐकता येते त्यालाच गाता येते, आणि टाळ्यांच्या गजरातही ज्याला आपली चूक ऐकू येते, तोच खरा गुरू.