चांदीचा पाळणा आणि चार झाडांचा पलंग

एका राज्यात सगळी कामं अडली होती, कारण होता नव्हता तो हात पाळण्याच्या दोरीला लागला होता. सकाळी सेनापती दोरी ओढी, दुपारी प्रधान ओढी, आणि संध्याकाळी राजा पृथ्वीधर स्वतः ओढी. दरबार पाळण्याच्या महालात भरे. फिर्यादी कुजबुजत फिर्याद सांगे, राजा कुजबुजत न्याय देई. निम्मा न्याय कोणाला ऐकूच जात नसे.

पाळणा चांदीचा होता. राजाच्या आजोबांनी तो भस्मकेतू जादूगाराच्या गुहेतून उचलून आणला होता. विचारून आणला नव्हता. भस्मकेतूने पाळण्याला शाप दिला आणि तो खजिन्यात पडून राहिला. पुढे राजाला मुलगा झाला. चांदी पाहून राजाने पाळणा बाहेर काढला आणि झुंबराशेजारी टांगला. शापाची आठवण कोणाला राहिली नाही. चांदी समोर असली की माणसाची आठवण कमी होते.

राजपुत्र मेघराज तीन वर्षांचा झाला. त्याचे पाय पाळण्याच्या कठड्याला टेकले. इथवर ठीक होतं. पण मग रोज सकाळी ते पाय थोडे आखूड दिसू लागले. धावणारं पोर चालू लागलं, चालणारं रांगू लागलं. त्याचे शब्दही एकेक करून गळाले. ‘घोडा’ गेला. ‘दूधभात’ गेला. ज्या दिवशी ‘आत्या’ गेला, त्या दिवशी राजाची थोरली बहीण सौदामिनी जागची उठली.

“पृथ्वीधरा, पोराला पाळण्यातून काढ.”

“काढून पाहिलं, ताई. खाली निजवला की रिकामा पाळणा आपोआप हलतो. रिकामा पाळणा हलणं अशुभ. मग परत ठेवावंच लागतं.”

राणी कुमुदा डोळे पुसत म्हणाली, “वन्सं, तुम्हाला मूल नाही. ही भीती तुम्हाला कळायची नाही.”

“कळते, वहिनी. म्हणून तर निघाले.”

असं म्हणून सौदामिनीने पदर खोचला आणि ती वेशीबाहेर पडली.

वेशीबाहेर विहीर होती. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचा खोपा लोंबत होता. सुगरण दारात बसून चोच साफ करत होती.

“सुगरणबाई, तुझी पिलंही टांगलेल्या घरात निजतात. ती बाहेर कशी पडतात?”

“भूक लागली की पडतात,” सुगरण म्हणाली. “पण तुमच्याकडे पोराला नाही, पाळण्यालाच भूक लागली आहे. ज्याने घडवला त्यालाच विचार. चल, मी वाट दाखवते. माझ्या मागून ये आणि फार प्रश्न विचारू नकोस.”

सुगरण पुढे उडाली, सौदामिनी मागे चालली. डोंगरात गुहा होती. गुहेत भस्मकेतू निखाऱ्यावर वांगं भाजत बसला होता.

“चोराची नात आली,” तो मान वर न करता म्हणाला.

“आले. आजोबांचं चुकलं. शाप सोडव.”

“तोंडाने लागला असता तर तोंडाने सुटला असता. तीन कामं कर. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या चार झाडांच्या लाकडाचा पलंग कर. धनावर बसलेल्या नागाची कात आण आणि ती पलंगाला विण. आणि माझ्या पाळण्याला असं मूल दे, जे कधी मोठं होणार नाही. त्याला तेवढंच हवं आहे.”

“तिसरं काम दुष्ट आहे.”

“दुष्ट आहे म्हणून शेवटी ठेवलं. आता जा, माझं वांगं जळतंय.”

माळावर चार झाडं होती. आंबा, चिंच, जांभूळ आणि शिसव. चौघांची पाठ एकमेकांकडे होती. सौदामिनीने मागणं सांगितलं.

चिंच म्हणाली, “आंब्याच्या शेजारी मी उभी राहणार नाही. फार गोडगोड बोलतो.”

आंबा म्हणाला, “हिच्या सावलीत गवतसुद्धा तोंड वाकडं करतं.”

जांभूळ म्हणालं, “शिसव स्वतःला सावकार समजतो.” शिसव काहीच बोलला नाही. तो खरोखरच स्वतःला सावकार समजत होता.

“शेजारी उभं राहायला सांगतंय कोण?” सौदामिनी म्हणाली. “पलंगाला कोपरे चार असतात. एकेक कोपरा घ्या आणि बाहेर तोंड करून उभे राहा.”

झाडांनी विचार केला. अशी सोय त्यांना आजवर कोणी सुचवली नव्हती. प्रत्येकाने आपली एकेक सरळ फांदी खाली टाकली.

पुढे ओढ्याकाठी नागाचं बीळ होतं. आत सोन्याची रास, राशीवर नाग, आणि भोवती पितळेचे तांबेच तांबे. ज्याने ज्याने मोहर उचलली, त्याचा त्याचा तांब्या झाला होता.

“घे हवं तेवढं,” नाग म्हणाला. “सगळेच घेतात.”

“सोनं नको. तुझी कात दे.”

नाग गोंधळला. “ती तर मी टाकून दिली. मला तोकडी होऊ लागली.”

“म्हणूनच मागते. आमचंही पोर तोकड्या जागेत अडकलं आहे.”

नाग हसला. नाग हसला तर कसा दिसतो हे सौदामिनीने पुढे कोणाला सांगितलं नाही. त्याने शेपटीने कात पुढे सरकवली. लांब होती, मऊ होती, लोखंडासारखी चिवट होती.

सुताराने पलंग जोडला, सौदामिनीने कात विणली. दिवेलागणीला पलंग पाळण्याच्या महालात आला. तिने मेघराजला उचललं आणि पलंगावर ठेवलं. पोराला आता बसताही येत नव्हतं.

तोच पाळणा हलू लागला. आधी हळू, मग जोरात. कड्या करकरल्या, झुंबर खळखळलं, मेघराज रडू लागला. प्रधान ओरडला, “रिकामा हलतोय! रिकामा हलतोय!”

राणी धावली. सौदामिनी मध्ये उभी राहिली.

“वन्सं, सरा! त्याला परत ठेवू द्या!”

“आज ठेवलंत तर उद्या ओंजळीत मावेल, वहिनी. त्याला घट्ट धरा. मी आले.”

ती स्वयंपाकघरात धावली. आचारी पाट्यावर वाटण वाटत होता. तिने त्याच्या हातातून वरवंटा ओढून घेतला.

“अहो ताईसाहेब, चटणी!”

“बुक्कीने कर!”

बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालायचा, ही रीत त्या राज्यातल्या घराघरांत होती. पण त्या गडबडीत ती सौदामिनीलाच आठवली. तिने वरवंटा धुतला, कुंची घातली, काजळाची तीट लावली आणि उसळत्या पाळण्यात निजवला. मग तिने त्याच्या गार अंगाशी तोंड नेलं. नाव ठेवण्याचा मान आत्याचा.

“कुर्रर्र! तुझं नाव धोंडोजी. मोठा होऊ नकोस.”

पाळणा थबकला. त्याने आतलं बाळ जोखलं. जड होतं, गप्प होतं, सुखी होतं. याचे पाय कधीच कठड्याला टेकणार नव्हते. चांदीतून एक लांब उसासा निघाला. पाळणा संथ झुलू लागला, आणि दोरीला कोणाचा हात नव्हता.

इकडे पलंगावर मेघराजने पाय ताणले. ते लांब झाले. आणखी लांब झाले. तो उठून बसला, त्याने चारी कोपरे पाहिले, आडवा झाला आणि निजला. राजा, राणी, प्रधान, सेनापती भिंतीला टेकून बघत राहिले. हातांचं काय करावं हे कोणालाच सुचेना.

पहाटे धप्प आवाज झाला.

राजपुत्र जमिनीवर होता. पलंगाला कठडा नव्हता. राजा झेपावला. सौदामिनीने त्याचा अंगरखा मागून धरला.

“थांब. त्याला उठू दे.”

“ताई, पडलाय तो!”

“दिसतंय मला.”

मेघराजने गुडघा चोळला. पलंगाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, मधलं अंतर पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला.

“मी पडलो!” तो ओरडला. “मी पडलो! माझा मी पडलो!”

ही बातमी महालात सर्वांना कळायला हवी होती. म्हणून तो धावत सुटला. पहारेकऱ्यांना सांगितलं, आचाऱ्याला सांगितलं, तबेल्यात जाऊन घोड्यांनाही सांगितलं. मग परत आला, बापाने पुढे केलेला हात त्याने बाजूला सारला, पलंगाची कड धरली, पोट टेकवलं, एक पाय टाकला, दुसरा टाकला आणि स्वतः वर चढला.

सेनापती सीमेवर गेला. प्रधान कचेरीत गेला. राजाने त्या दिवशी खणखणीत आवाजात न्याय दिला आणि तो वेशीपर्यंत ऐकू गेला. सोनं नको म्हणणारं माणूस भेटलं म्हणून खूश झालेल्या नागाने ओढ्याकाठचे तांबे सोडले; ते पुन्हा माणसं झाले आणि रिकाम्या हाताने, पण आपापल्या पायांनी, घरी परतले. रात्री राजाराणी पोराजवळ टेकायला गेली, तर पोर आडवं पसरलेलं, आणि राजाच्या वाट्याला फक्त कड आली. राजा त्या कडेवर सुखाने निजला.

त्यांच्या पोराने जमीन पाहिली, तशी तुमच्या-आमच्या पोरांनी पाहावी. आणि पडल्या जागेवरून स्वतः उठावं.