भिवरेची सावली

तळसांगवीच्या ओढ्याला भर उन्हाळ्यातही पाणी असायचं, त्या काळची ही गोष्ट. गावाचं पोट हरभऱ्यावर चालायचं. पण पुढे हरभऱ्याच्या घाट्यांत, म्हणजे शेंगांत, अळी शिरू लागली. घाटा दिसायला हिरवागार, दाबला की आत नुसती पोकळी. लागोपाठ तीन वर्षं असंच झालं. मग पंचांनी ठरवलं, पुढचाही हरभरा गेला तर गाव उठवायचं आणि नदीपलीकडे जायचं.

गावात भिवरा नावाची विधवा होती. तिची सासू आंधळी. म्हातारी म्हणाली, "तुम्ही जा बाई. इथल्या भिंती माझ्या हाताला ओळखतात." सासूला टाकून भिवरा जाणार नव्हती. पण ओस गावात दोघींनी जगायचं कसं?

एकदा ती चुलीसाठी माती आणायला कापणी झालेल्या रानात गेली. खणताना तिला तपकिरी कोष सापडले, खजुराच्या बीएवढे. तिने काही गाडग्यात घातले आणि वर फडकं बांधलं. थोड्या दिवसांनी आत फडफड झाली. फडकं सोडलं, तर मातकट पतंग. हरभरा फुलला की संध्याकाळी घिरट्या घालणारा तोच हा. ती रानात परत गेली, तर उकरलेल्या जागी साळुंक्या उरलेले कोष टिपत होत्या.

तिच्या ध्यानात आलं: अळीच कोष होऊन मातीत निजते आणि पतंग होऊन फुलांवर अंडी घालायला येते; माती उलटली, तर पाखरंच ते कोष संपवतील.

गावाची रीत अशी, की कापणीनंतर नांगर धुऊन, हळदकुंकू लावून देवळाच्या पडवीत उभे करायचे. मृग लागेपर्यंत जमीन निजलेली असते, तिला धक्का लावायचा नाही. आणि बाईने तर नांगराला कधीच शिवायचं नाही. भिवरा ऐन चैत्रात देवळात गेली आणि तिने आपला नांगर उचलला.

पाटील आडवे आले. "भिवरे, निजलेल्या आईला कुणी नांगर लावतं का?"

"तिच्या पांघरुणात ढेकूण झालेत, पाटील. घरात आपण काय करतो? पांघरूण उन्हात टाकतोच ना?"

पडवीतल्या बायका पदराआड हसल्या. पाटील बाजूला झाले.

सासूला बांधावर बसवून भिवरेने बैल जुंपले. मोठमोठी ढेकळं उलटली, कोष उघडे पडले. आधी साळुंक्या आल्या, मग बगळे, मग काळे कोतवाल पक्षी. इतकी पाखरं आली की रानावर सावली पडली, आणि भिवरा जिकडे वळेल तिकडे ती सावली वळे, असं म्हणतात.

म्हातारीने तोंड वर केलं. "पाऊस आला का गं?"

"नाही, आत्याबाई. पाखरं आलीत."

त्या वर्षी गावाचा हरभरा पुन्हा पोकळ निघाला, पण भिवरेचा दाण्यांनी भरला. फक्त बांधाकडेचा कुरतडलेला होता, कारण शेजारच्या रानातले पतंग उडून येऊन तिथे अंडी घालून गेले होते. लोकांनी ते पाहिलं आणि पुढच्या चैत्रात देवळातले सगळे नांगर बाहेर निघाले. गाव उठलं नाही.

आजही तळसांगवीत चैत्रात नांगराचं पहिलं तास बाईच काढते. त्या दिवशी पाखरं हाकलायच्या गोफणी खुंटीला आणि बांधावर पाखरांसाठी पाण्याने भरलेली मातीची परळं. गावातली सगळ्यांत म्हातारी बांधावर डोळे मिटून बसते आणि विचारते, "पाऊस आला का गं?"

आणि सगळं रान उत्तर देतं, "नाही, आत्याबाई. पाखरं आलीत."